तळाचा नकाशा

उंदराचा मेंदू कापायला सोपा.
उणे अठरा अंशांच्या पेटीत, पात्यावरून
केसाहून बारीक काप वळकटी होऊन उतरतो.
कुंचल्यानं उलगडायचा, काच जवळ न्यायची,
तो आपणहून चिकटतो.
कबुतराचा फाटतो. गिनीपिगचा गुमान ऐकतो.
कॉड माशाचं डोकं नारळाएवढं
आणि आत मेंदू वालाच्या दाण्यांसारखा,
ओळीत मांडलेला.

बर्गनच्या या तळघरात
अकरा वर्षं मी जनावरं शेजारी शेजारी लावते.
कापांवर थेंब सोडायचा: अफूच्या जातीचं औषध,
किरणोत्सारी शेपूट लावलेलं.
जिथे त्याला बसायला जागा आहे तिथे ते बसतं.
बाकीचं थंड पाण्यात धुऊन जातं.
मग वर फिल्म दाबायची, कपाट बंद,
दहा आठवडे अंधार.
काळं यायला वेळ लागतो.

म्यू, डेल्टा, कप्पा.
ग्रीक बाराखडीतली तीन अक्षरं, तीन प्रकारच्या जागा.
उंदराच्या लहान मेंदूत जवळपास कोरं,
गिनीपिगच्या त्याच कोपऱ्यात कप्पाची जत्रा.
का? यर्डिसला विचारलं तर म्हणते,
गिनीपिगला विचार.
खेकड्यांवरून ती एका जर्मन गृहस्थाशी
अजून पत्रातून भांडते.

यंदाच्या हिवाळ्यात तिनं बादली आणली.
बादलीत स्लिमओल.
जबडा नाही, धड डोळे नाहीत,
हात लावला की पाण्याची खळ होते.
आमच्या बेटावर याचं नाव जेवताना घेत नाहीत.
गळाला लागलेला मासा हा आतून खातो,
वर येते ती नुसती कातडी.
बाबा त्यांना बुटाच्या टाचेनं समुद्रात ढकलायचे,
आणि एक शिवी, जी मी सात वर्षांची असताना शिकले.

बाबा, ओड्वार, आता वर टेकडीवर, सहाव्या मजल्यावर.
मणक्यांत पसरलंय.
अंगठ्याखाली बटण: दाबलं की मॉर्फिन,
मग आठ मिनिटं कितीही दाबा,
नुसता टक् आवाज.
चाळीस वर्षं लांब दोरीवर हजार हजार गळ,
आणि एकच उत्तर लहानपणच्या माझ्या प्रश्नाला:
मासा थंड रक्ताचा, त्याला काय कळतंय.

डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे.
मी मनात वजाबाकी केली आणि काही बोलले नाही.

बाबांनी हिशेब चुकवला. त्यांचं नेहमीचंच,
बंदरावरही कधी वेळेवर आले नाहीत.
अकराव्या आठवड्यात ओल्या केसांनिशी
फिल्म घेऊन मी वर गेले, खिडकीला लावली.
उंदीर, कबुतर, कॉड.
राखाडी पाण्यात काळी बेटं,
आणि शेवटी, सगळ्यांत धूसर, तो बादलीतला.

बाबांनी चष्मा मागितला.
आयुष्यभर खोलीचे नकाशे वाचलेला माणूस,
बोट फिरवत गेला काठाकाठानं.
हा उथळ भाग. इथे दोरी टाकायची.
मग स्लिमओलपाशी बोट थांबलं.
याचाही तळ इथेच?
तिथेच, मी म्हटलं.
साधारण तिथेच.

मी त्यांना सांगितलं
जे यर्डिस प्रत्येक लेखाच्या शेवटी लिहिते:
दाराला कडी आहे, एवढंच दिसतंय.
आत कुणी राहतं का, ते कडीवरून कळत नाही.
खरं आहे ते. अकरा वर्षांत
याहून जास्त मलाही कळलेलं नाही.

ते बराच वेळ खिडकीकडे बघत होते.
खाली फेरी सुटत होती, दिवे लावून, दुपारी तीनला.
म्हणाले, कडी कुणी उगीच लावतं का गं?
आणि शिवी दिली, तीच जुनी,
पण हळू. कुणाला दिली, कळलं नाही.

मग अंगठा हलला.
टक्.
आठ मिनिटं व्हायची होती अजून.
त्यांनी पुन्हा दाबलं.
मी फिल्म उतरवली नाही.